बिनसमुद्राचे खलाशी

नागपुरात समुद्र नाही, हे सांगायला भूगोलाचे पुस्तक नको. मुंबईचा किनारा इथून आगगाडीने आठशेंवर किलोमीटर. तरी माझ्या भाच्याने एन.सी.सी.च्या नौदल विभागाचा फॉर्म आणला आणि ताईच्या तोंडचे पाणी पळाले. आमचा धाकटा भाऊ लहानपणी गावच्या तळ्यात गेला, तेव्हापासून तिने पोरांना तळ्याकाठी फिरकू दिलेले नाही. "तू जाऊन बघ आणि त्याचे मन वळव," तिने मला बजावले. फॉर्मवर पालकाची सही हवी होती.

रविवारी सकाळी मी भाच्याला घेऊन अंबाझरी तलावावर गेलो. पाच वल्ह्यांची एक लांबोडकी नाव, व्हेलर म्हणतात तिला, पाण्यावर होती. साऱ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट. सुकाणूवरची मुलगी हुकूम देई आणि पाचही वल्ही एकदम उठत. एकाचा ताल चुकला की नाव वाकडी!

काठावर कॉलेजचे एक प्राध्यापक होते. शिकवणे सांभाळून ते कॅडेटांचे अधिकारीही झालेले. त्यांनी कारभार समजावला. १९४८ च्या कायद्याने ही सेना उभी राहिली, नौदल विभाग १९५२ मध्ये आला. कवायतीला आणि नाव चालवायला नौदलाचे शिक्षक. हजेरी आणि शिस्त पाहायला शाळा-कॉलेजातले मास्तर. शाळेत दोन वर्षे, कॉलेजात तीन. मग परीक्षा आणि प्रमाणपत्र.

"सक्ती?" मी विचारले.

"चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजच्या मुलांना होती. १९६८ मध्ये गेली. आता येतो तो आपल्या पायांनी. पुढे नौदलात जायलाच हवे, असेही नाही."

तेवढ्यात ती सुकाणूवाली काठावर उतरली आणि भाच्याला दोराची गाठ शिकवू लागली. बोलाइन तिचे नाव. कितीही ताणा, फास आवळत नाही. पाण्यात पडलेल्याला ओढून घ्यायला हीच गाठ.

माझे मन वळवण्याचे भाषण मनातच राहिले.

घरी भाच्याने वाळत घालायच्या दोरीचा फास ताईच्या कमरेला घातला. "ओढ, आई." तिने ओढले. पुन्हा जोराने ओढले. गाठ सरकली नाही, आवळलीही नाही. ताई बराच वेळ त्या दोरीकडे बघत बसली.

मग म्हणाली, "माझा चष्मा आण रे. सही कुठे करायची?"