अडलेला स्वर

पावसाळा लागला की आमच्या वसईच्या किनाऱ्यावर मिठाला पाणी सुटते, दारे फुगतात, पुस्तकांना बुरशी येते. चर्चच्या सभागृहातील जुना पियानोही त्यातून सुटत नाही. मला हे ठाऊक होते. तरीही गेल्या ऑगस्टमध्ये ते आठवले नाही.

सणाच्या गायनाची तालीम चालू होती. पियानो वाजवणारी मुलगी एकाच जागी पुनःपुन्हा अडखळत होती. तिसऱ्यांदा तोच स्वर गळाला, तेव्हा मी सर्वांसमक्ष म्हणालो, "घरी सराव करून येत जा." तिने मान खाली घातली. जाताना एवढेच म्हणाली, "फादर, ती पट्टी एकदाच वाजते."

रात्री मी पियानोचे झाकण उघडले. पट्टी दाबताच हातोडी तारेवर आदळली. पट्टी वर आली, परंतु हातोडी मागे फिरलीच नाही. वंगण कमी पडले असावे, असे समजून मी शिलाई यंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडले. चार दिवसांत ती हातोडी अधिकच जड झाली.

अखेर मुंबईहून पियानो जुळवणारे एक वृद्ध गृहस्थ आले. ते म्हणाले, "हातोडी बारीक पिनेवर फिरते. पिनेच्या छिद्राला लोकरी कापडाचे अस्तर असते. दमट हवेत ते फुगते आणि पिनेला आवळून धरते. तेलाने ते सुटत नाही, फादर. तेल कापडात मुरते, धूळ धरते आणि चिकटून बसते."

माझे तेल प्यालेले अस्तर काढून त्यांनी नवे बसवले, पिनही बदलली. शेजारच्या दोन आवळलेल्या सांध्यांवर स्पिरिट आणि पाणी यांच्या मिश्रणाचा एकेक थेंब सोडला. पाण्याने कापड फुगून पिनेभोवती दाबले जाते आणि वाळताना आकसून तिला जागा करून देते. "पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका," त्यांनी बजावले. सभागृहातील आर्द्रता त्यांच्या यंत्रावर ८५ टक्के भरली. पियानोला ४० ते ५० मानवते. बाहेरच्या भिंतीला लागून असलेला पियानो आम्ही आतल्या भिंतीकडे सरकवला.

सेमिनरीत संगीताच्या शिक्षकांनी आम्हाला चुकलेला स्वर ओळखायला शिकवले होते. तो का चुकला, हे विचारायला मात्र मी पन्नाशी ओलांडल्यावर शिकत होतो. त्या मुलीने कारण सांगितलेही होते. मी ऐकले नव्हते.

पुढच्या तालमीला, बोललो होतो सर्वांसमक्ष म्हणून, क्षमाही सर्वांसमक्ष मागितली. ती काही बोलली नाही. पियानोपाशी बसून तिने तो स्वर तीनदा वाजवला. तिन्ही वेळा हातोडी परत आली.