खाऱ्यावरचं गोडं पाणी

वाळवंटाच्या दर्शनाला पाण्याच्या मुलखातल्या माणसांनी जावं. वाडीत विहीर, परसात बावखल आणि आषाढात पायरीपर्यंत पाणी, अशा घरात जो वाढला त्याला कोरड्या भूमीची थोरवी लवकर कळते. आम्ही दोघं आगाशीची. पश्चिमेला अर्नाळ्याचा समुद्र, उत्तरेला वैतरणेचं मुख आणि मधल्या पट्ट्यात केळी, पानवेली, नारळ, चाफा यांच्या वाड्या. आमच्या किनाऱ्यावर वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. जैसलमेरला तो दोनशेच्या आसपास, आणि तोही दरवर्षी येईलच याची हमी नाही. ह्यांचा जन्म वाडीला पाणी लावण्यात गेला. पाण्यावाचून काय उगवतं ते त्यांना एकदा बघायचं होतं. मला बघायचा होता माळढोक.

जानेवारीत निघालो. गाडीत तंबू, पाण्याचे कॅन, छोटा स्टोव्ह, दुर्बीण आणि वाटेत खायला सुकेळी. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवून केलेला हा आगाशीचा मेवा लांबच्या वाटेवर टिकतो आणि पोटाला आधार देतो.

विरार फाट्यावर महामार्गाला लागलं की उत्तरेची वाट म्हणजे नद्यांची नामावळ. वैतरणा, सूर्या, दमणगंगा, मग तापी, नर्मदा, मही, साबरमती. प्रत्येक पुलावर माझा हात आपोआप जोडला जाई. माहेरी आईनं लावलेली सवय. साबरमती मागे पडली आणि नद्यांमधलं अंतर वाढत गेलं. डीसा, थराद, सांचोर. सांचोरच्या बाजूला नर्मदा पुन्हा भेटली, पण कालव्यातून. तिचं पाणी २००८ साली राजस्थानात पोचलं, तेव्हापासून इथल्या शेतांत जिरं, मोहरी डुलते. त्यापुढे लुणी. पूल लांबलचक आणि खाली नुसती वाळू. अरवलीत अजमेरजवळ उगम पावलेली ही नदी बालोतरापर्यंत गोडी राहते, पुढे जमिनीतला क्षार पिऊन खारट होते आणि समुद्र न गाठताच कच्छच्या रणात विरून जाते. हे पुलाच्या टोकाला गाडी थांबवून खाली उतरले, पात्रातली पांढुरकी माती बोटांत चोळली, जिभेला लावली. "आपली खाडी समुद्रामुळे खारट," ते म्हणाले, "हिला जमिनीनंच खारट केलं." पुढच्या सगळ्या प्रवासात हे वाक्य माझ्या मनात घोळत राहिलं.

बाडमेरहून जैसलमेरकडे जाताना, शहराच्या १७ किलोमीटर अलीकडे अकल लागतं. २१ हेक्टरांच्या या उघड्या माळावर झाडं आहेत, पण दगडाची. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी इथे दमट जंगल होतं. ते बुंधे गाळाखाली गाडले गेले, लाकडाच्या कणाकणाची जागा खनिजांनी घेतली आणि साल, गाठी, रेषा जशाच्या तशा राहिल्या. तांबूस तपकिरी ओंडके छपराखाली, जाळीआड पहुडलेले. त्याच युगात या प्रदेशावर उथळ समुद्र आला होता. जैसलमेरचा किल्ला ज्या पिवळ्या चुनखडकाचा आहे, तो त्या समुद्राच्या तळाशी साचलेला. निरखून पाहिलं तर त्यात शिंपल्यांच्या खुणा सापडतात. ज्याला आपण निर्जळ म्हणतो तिथे एकेकाळी भरती-ओहोटी होती. मी चपला काढून त्या माळावर जरा वेळ उभी राहिले. अर्नाळ्याला समुद्रात पाय घालण्याआधी आम्ही पाण्याला हात लावून तो कपाळी नेतो. इथे पाणी नव्हतं, तरी तेवढंच करावंसं वाटलं.

राष्ट्रीय मरु उद्यान १९८० साली घोषित झालं. नाव राष्ट्रीय उद्यानाचं असलं, तरी कायद्याच्या दृष्टीनं ते अभयारण्य आहे. जैसलमेर आणि बाडमेर मिळून ३१६२ चौरस किलोमीटरचा त्याचा पसारा, आणि त्यात आजही गावं आहेत, ढाण्या, म्हणजे छोट्या वस्त्या, आहेत, शेळ्या-मेंढ्यांचे कळप आहेत. चित्रांत दिसतात तशा वाळूच्या टेकड्या त्याच्या साधारण पाचव्या हिश्शावर. बाकी सगळा कातळ, मुरूम आणि गवत. अशा ठिकाणी मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. खुडीच्या बाजूला एका ढाणीच्या अंगणाबाहेर आम्हांला जागा मिळाली आणि तिथून रोज पहाटे ढाणीतल्या आजोबांबरोबर आम्ही पायी हिंडू लागलो.

वाळवंटात पहाटे चालणं म्हणजे रात्रीची वही वाचणं. वाळूवर सगळं लिहिलेलं असतं. खोकड कुठून आला, कुठे थबकला, कुठे त्यानं उकरलं. काळ्या भुंग्यांनी टाके घातल्यासारख्या रेघा ओढलेल्या. सांडा नावाच्या सरड्याच्या बिळाचं तोंड थंडीमुळे बंद. उन्हं वर आली की वारा सुटतो आणि सारं पुसलं जातं. सेवण गवताचे ठोंब दूरदूर, मधे मोकळी जागा सोडून उभे. आमच्या वाडीत केळीच्या बुडाशी केळी, तिच्या सावलीत अळू, कुंपणावर वेल, अशी एकमेकांच्या अंगावर रेलून सगळी वाढतात. इथे प्रत्येक ठोंबानं शेजाऱ्यासाठी ओल सोडलेली. ह्यांनी एका उघड्या पडलेल्या ठोंबाची मुळं पाहिली. वर वीतभर पातं आणि खाली मुळांचं केवढं जाळं! झाड मातीवर उभं असतं, हे आम्हांला ठाऊक होतं. इथे मातीच झाडावर उभी आहे. सेवण गेलं तर वाळू चालू लागते. खेजडी, म्हणजे आपली शमी, तशीच. तिचं मूळ कुठवर जातं ते आजोबा सांगू शकत नव्हते. त्यांच्या आजोबांनाही ते सापडलं नव्हतं. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडलीत अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी या झाडांना मिठी मारून प्राण दिले. दसऱ्याला शमी पुजताना यापुढे ती माणसं आठवल्याशिवाय राहणार नाहीत.

पखुर्ड्यांचे थवे सकाळच्या ठरल्या वेळी आवाज करत डोक्यावरून जात. कोरडे दाणे खाणाऱ्या या पाखराला रोज पाण्यावर यावं लागतं. विणीच्या काळात नर पाणवठ्यात पोट बुडवून बसतो, पोटाखालची खास घडणीची पिसं पाणी शोषून घेतात, आणि तो कित्येक किलोमीटर उडत पिलांकडे जातो. पिलं त्याच्या ओल्या पिसांतून पाणी चोखतात. पाणक्याचं काम करणारा असा बाप मी दुसरा ऐकलेला नाही.

माळढोक दिसला तो तिसऱ्या प्रहरी, सुदासरीकडच्या गवतात. दूर होता. दुर्बिणीत आधी पांढरी मान आली, मग डोक्यावरची काळी टोपी, मग तो संथ, तोललेला पाय. मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत वजनाचा, तरीही उडणारा. मादी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते. आपल्या सोलापूरजवळ नान्नजला याच पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. तिथे आता तो दिसणं दुर्मीळ झालंय. देशभरात मोकळ्या रानात दीडशेही उरलेले नाहीत, आणि त्यांतले बहुतेक इथेच. तो चालत होता आणि त्याच्या मागे, क्षितिजावर, वीजवाहक तारा झोके घेत होत्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. पुढचं त्याला नीट दिसत नाही, आणि एवढं जड अंग ऐन वेळी वळवता येत नाही. सूर्याची आणि वाऱ्याची वीज वाहून नेणाऱ्या या तारा त्याला मारतात. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या जमिनीखालून न्याव्यात असं सांगितलं. पुढे २०२४ मध्ये तो आदेश सौम्य झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कृत्रिम रेतनातून माळढोकाचं पहिलं पिल्लू इथल्या प्रजनन केंद्रात जन्मलं. आम्ही पाहत होतो तो पक्षी मात्र या सगळ्यापासून अलिप्त, गवतातले किडे वेचत, अख्खा माळ आपलाच असल्यासारखा चालत राहिला. गवताच्या उंचवट्याआड तो गेल्यावर ह्यांनी टोपी काढून हातात घेतली. देवळातही ते क्वचित काढतात.

ढाणीवर रात्री बाजरीची रोटी, केर-सांगरी आणि ताक. केर आणि सांगरी दोन्ही उन्हाळ्यात तोडून वाळवलेली, वर्षभराची बेगमी. आम्ही सुकेळी पुढे केली. आजोबांनी एक तोडून खाल्ली, उन्हाकडे बोट दाखवून "तुमच्याकडेही हाच आचारी?" म्हणून हसले. जेवणानंतर आजीनं ताटं वाळूनं घासली. पाण्याचा थेंब नाही, आणि ताटं लख्ख. मी मदतीला बसले तेव्हा तिनं माझ्या हातातला तांब्या हलकेच काढून घेतला.

त्या तांब्यातलं पाणी कुठलं, ते दुसऱ्या दिवशी कळलं. गावाबाहेरच्या सखल वाळूत झाकणं लावलेल्या कुया, म्हणजे लहान विहिरी, होत्या. कुया जवळ आल्या तशी आजोबांनी पायताणं काढली. पावसाचं पाणी जिथून वाहत येतं त्या आगोरात चपला घालून जायचं नाही. आम्हीही अनवाणी चाललो. या भागात भूजल खोल आहे आणि बहुतेक खारं. पण काही पट्ट्यांत वाळूखाली खडियाचा, म्हणजे जिप्समचा थर असतो. पडलेला पाऊस वाळूत मुरतो, या थराशी अडतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यात न मिसळता ओल होऊन राहतो. अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूंदें’ या १९९५ सालच्या पुस्तकात या रेजाणी पाण्याची थोरवी सविस्तर सांगितली आहे. ती ओल थेंबाथेंबानं झिरपावी म्हणून कुई खणतात. तोंड अरुंद, म्हणजे आलेलं पाणी पसरत नाही, उडून जात नाही. खणणारा चेजारो आत बसून लहान हत्यारानं खणतो. वरची माणसं मूठमूठ वाळू जोरानं खाली फेकतात, म्हणजे तिच्याबरोबर ताजी हवा खाली जाते. म्हणून त्याच्या डोक्यावर धातूचं भांडं असतं. एवढ्या खटाटोपानंतर कुई दिवसाला दोन-तीन घडे पाणी देते.

आजोबांनी झाकण उघडलं, पोहरा खाली सोडला. मी म्हटलं, "कमी पडलं तर दुसरी खणायची!" त्यांनी मान हलवली. कुई ज्याची त्याची. उपसायचं किती, ते त्यानं ठरवावं. पण नवी कुई खणायची तर सगळ्या गावाला विचारावं लागतं, कारण नवी कुई नवं पाणी आणत नाही. खाली सगळ्यांची मिळून असलेली तीच ओल ती वाटून घेते.

ह्यांनी पाण्याची ओंजळ तोंडाला लावली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं. आमच्या आगाशीतही गोडं पाणी खाऱ्यावरच तरंगतं. किनाऱ्याच्या वाळूत पावसाचं पाणी मुरतं आणि समुद्राच्या जड, खाऱ्या पाण्यावर पातळ थर धरून राहतं. विहिरी त्या थरातून पितात. फार उपसलं, खोल बोअर मारली, की खालचं खारं वर चढतं आणि एकदा चढलं की लवकर उतरत नाही. त्या थराची भर घालणारी बावखलं आमच्या वाडवडिलांनी खणून ठेवली. पावसाचं पाणी त्यांत साठायचं, मुरायचं, भोवतालच्या विहिरी जित्या ठेवायचं. आता किती बुजली आणि त्यांवर काय उभं राहिलं, ते विरारहून आगाशीला येताना दिसतंच. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली हरित वसईची चळवळ याच माती-पाण्याच्या काळजीतून आली होती.

शेवटच्या रात्री आकाश उघडं होतं. मृग, रोहिणी, कृत्तिका डोक्यावर, आणि दक्षिणेला अगस्ती. आगाशीत तो माडांच्या शेंड्यांवर असतो. इथे, सात-आठ अंश उत्तरेला, जवळजवळ वाळूला टेकलेला. समुद्र पिऊन टाकणाऱ्या ऋषीचा तारा, समुद्र गेलेल्या भूमीवर. ह्यांना ती कथा आठवली आणि ते म्हणाले, "त्यानं पिऊन टाकला तो खारा. गोडा आपण पितोय."

परतताना कुलधऱ्याचे ओस वाडे पाहिले, पण आम्ही रमलो ते तिथल्या पालीवाल समाजाच्या खडीनांपाशी. खडकाळ उतारावरून धावणारं पाणी खालच्या शेताला मातीचा बांध घालून अडवायचं, हिवाळ्यापर्यंत मुरू द्यायचं आणि त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. वर एक थेंब द्यायचा नाही. पालीवाल दोनशे वर्षांपूर्वी गावं सोडून गेले. ज्या खडीनांची निगा राहिली, तिथे अजून पीक उभं राहतं. वाळवंटाला मी हात जोडले ते त्याच्या विशालतेपुढे नव्हे. विशालता समुद्रातही आहे. थोडकं असूनही सगळ्यांचं मानायचं आणि ते मानणं हाडीमाशी मुरवायचं, ही इथली पूजा. आपल्याकडे भरपूर होतं म्हणून ती शिकायची राहिली असं नाही. बावखल खणणाऱ्यांना ती येत होती. सातबाऱ्यावर विहीर आपल्या नावाची असते. तिच्या तळाशी जे पाणी असतं, ते कोणाच्याच नावावर चढत नाही.

घरी आल्यावर ह्यांनी ठरलेल्या बोअरवाल्याला येऊ नका म्हणून कळवलं. मे महिन्यात बावखलातला गाळ काढायचा आहे, आणि शेजारच्या वाड्यांनाही बोलावलंय. गाळ आमच्या बावखलातला निघणार असला, तरी पाणी त्यांच्याही विहिरींना लागणार आहे.