पहिले बारा आठवडे

कल्पसूत्रात एक कोमल प्रसंग आहे. मातेला क्लेश होऊ नयेत म्हणून वर्धमानांनी गर्भातील आपली हालचाल थांबवली. त्रिशलामाता व्याकूळ झालेली जाणवताच ती पुन्हा सुरू केली. माता आणि गर्भ यांचे सुखदुःख एकच, ही जाण अनेक जैन घरांत पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली आहे. गरोदर सुनेचा आहार, विश्रांती, धर्मश्रवण सारे जपले जाते. एका गोष्टीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

१९४१ साली सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी जन्मतः मोतीबिंदू असलेल्या ७८ बालकांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी ६८ जणांच्या मातांना गरोदरपणी रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, झाला होता. आजार अगदी सौम्य. दोन-तीन दिवस पुरळ, किंचित ताप. कित्येकींना तो कळतही नाही. परंतु पहिल्या बारा आठवड्यांत, बाळाचे डोळे, कान व हृदय घडत असताना विषाणू वारेतून आत पोहोचला, तर हानी कायमची होऊ शकते.

त्यांतील सर्वांत फसवा दोष बहिरेपणाचा. बाळ आईकडे पाहून हसते, खेळते. बोल फुटेनात, तेव्हा वडीलधारी म्हणतात, ‘काही मुले उशिराच बोलतात.’ ती वाट पाहण्यातच भाषा शिकण्याचा मोलाचा काळ सरतो. म्हणून श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपचार सहाव्यापर्यंत, असा वैद्यकीय दंडक आहे. काही बालकांत हा दोष उशिराही प्रकटतो. तेव्हा पुढेही लक्ष ठेवावे लागते.

भारतात २०१७ मध्ये गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली, ती नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांसाठी. आज विवाहयोग्य असलेल्या अनेक मुलींनी तेव्हा ती वयोमर्यादा ओलांडली होती. ही लस गरोदरपणी देता येत नाही आणि घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळावी लागते. म्हणूनच डॉक्टरांचा सल्ला लग्नाआधीच घेतलेला बरा.

ही चौकशी मुलीत खोट शोधण्यासाठी नव्हे. असे मूल जन्मले की आजही कुजबुज सुरू होते, सुनेच्या पायगुणाची, तिच्या पूर्वकर्माची. विषाणू कोणाचे कूळ पाहत नाही. त्या मातेच्या माथी दोष मारणे हीदेखील हिंसाच. सोयरीक जुळवताना दोन्ही घरे पत्रिका पाहतात, व्यवहार पाहतात. त्याच बैठकीत लसीची नोंदही पाहिली जावी.