मुदतीनंतरचे बिऱ्हाड

माझ्या बैठकीच्या खोलीत सध्या दोन लोखंडी पेट्या, एक शिवणयंत्र आणि पुस्तकांची सात खोकी मांडलेली आहेत, आणि त्यांच्यामधून वाट काढीत मी रोज सकाळी वर्तमानपत्रापर्यंत पोहोचतो. हे सामान माझ्या थोरल्या बहिणीचे. नागपूरची नोकरी संपवून ती कायमची पुण्यास आली आहे. पलीकडच्या गल्लीत माझी दोन खोल्यांची एक जागा आहे, तीत तिने बिऱ्हाड करावे असे ठरले होते. कारण तेथे राहणाऱ्या तरुण जोडप्याने ‘करार पुढे न वाढविता महिनाअखेर आम्ही जागा सोडतो’ असे आपण होऊन लिहून दिले होते. तो महिना गेला, दुसराही निम्मा सरला. जोडपे तेथेच आहे, आणि बहीण पेट्यांच्या पलीकडे दिवाणावर झोपते आहे.

मालकाने ‘नीघ’ म्हटले असता पाय रोवून बसणारा भाडेकरू सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु ज्याला कोणी ‘जा’ म्हटलेले नाही, ज्याने स्वतःच दिवस ठरविला आणि तो उजाडल्यावर जो निघाला नाही, त्याचा विचार आपण फारसा करीत नाही. घरातून बाहेर पडताना आपण मराठी माणसे ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. ‘येतो’ म्हणून न येणाऱ्यावर कोणी रागावत नाही. ‘जातो’ म्हणून न जाणाऱ्याचे काय करावे, हे मात्र मोठे कोडे आहे.

परवा मी त्या तरुणास एक कडक पत्र लिहावयास बसलो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात अशा प्रसंगी कामास येणारे एक कलम आहे. परवान्याने राहणाऱ्याने मुदत संपल्यावरही जागा सोडली नाही, तर त्याने शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी, असे ते सांगते. ‘दुप्पट’ हा शब्द मी मोठ्या चवीने लिहिला, आणि तेथेच लेखणी थांबली. कारण त्या शब्दापाशी मला अण्णांचा खोकला ऐकू आला.

अण्णा म्हणजे सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याचे मालक. माझ्या वडिलांनी त्या वाड्यातल्या दोन खोल्या १९६४ साली घेतल्या. मी तेथेच जन्मलो, वाढलो आणि प्राध्यापकही झालो. ३४ वर्षांत भाडे २८ रुपयांवरून ४२ रुपयांवर गेले, एवढीच काय ती घडामोड. पुढे मी कर्ज काढून कोथरुडात फ्लॅट घेतला. १९९८ च्या फेब्रुवारीत वडिलांनी अण्णांना लिहून दिले, ‘एप्रिलअखेर दोन्ही खोल्या आपल्या स्वाधीन करतो.’ पागडीचा शब्दही त्यांनी काढला नाही. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांच्या धाकट्या मुलाचे लग्न केवळ जागेवाचून दोन वर्षे अडले होते. त्या चिठ्ठीच्या भरवशावर त्यांनी मे महिन्याचा मुहूर्त धरला.

आणि आमचा फ्लॅट वेळेवर तयार झाला नाही. बांधणाऱ्याने आज फरशी, उद्या नळ, परवा वीज असे करीत दसरा गाठला. इकडे लग्न झाले, नवी सून उंबऱ्यावरचे माप ओलांडून आत आली. आणि आम्ही आमच्या खोल्यांत जसेच्या तसे! अण्णांनी एक शब्द उच्चारला नाही. आपली खोली त्यांनी मुलाला व सुनेला दिली आणि स्वतः ओसरीवर पथारी टाकली. पावसाळाभर ते तेथे झोपले. जुलैपासून रात्री त्यांचा खोकला सुरू होई, तो आमच्या भिंतीतून स्वच्छ ऐकू येई. वडील उठून बसत. आई म्हणे, ‘अहो, निजा आता.’ कोणीच निजत नसे.

मे महिन्याचे भाडे घेऊन मी अण्णांकडे गेलो. त्यांनी नोटांकडे पाहिलेही नाही. ‘पैसे राहू दे तुझ्यापाशी. आता पावती देता यायची नाही,’ एवढेच ते म्हणाले. आम्ही मनीऑर्डर केली. ती ‘नाकारली’ असा शेरा घेऊन परत आली. मला तो मोठा अपमान वाटला. भाडे थकविणारे भाडेकरू मी ऐकले होते. पुढे केलेले भाडे न घेणारा मालक प्रथमच पाहत होतो.

त्या नकाराचा अर्थ पुढे एका वकील मित्राने उलगडला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे महिन्याच्या भाड्याचे बिऱ्हाड पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपविता येते. ते संपल्यावरही भाडेकरू राहिला आणि मालकाने त्याच्याकडून भाडे घेतले, तर मालकाची संमती धरून तो करार महिन्यामहिन्याने पुन्हा जिवंत होऊ शकतो. म्हणजे ते ४२ रुपये घेतले असते, तर मुलासाठी मिळालेल्या खोल्या हातून निसटतील, ही अण्णांना भीती होती. ज्याला मी तुसडेपणा समजलो, ती एका भित्र्या सज्जनाची सावधगिरी होती.

ही भीती अगदीच निराधार नव्हती. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याखाली भाडेकरूस घराबाहेर काढणे किती दुरापास्त होते, हे पुण्यात कोणास सांगावयास नको. शेजारच्या एका अनुभवी गृहस्थांनी मला जिन्यात गाठून सुचविलेही, ‘फ्लॅट द्या भाड्याने आणि इथेच राहा. म्हातारा कोर्टात गेला तरी वीस वर्षे निश्चिंती.’ मी हसलो. परंतु प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, त्या रात्री येणारे भाडे आणि कर्जाचा हप्ता यांचा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. सकाळी तो कागद वडिलांच्या हाती लागला. त्यांनी तो वाचला, घडी घालून मला परत दिला, आणि म्हणाले, ‘आपण लिहून दिले आहे.’

त्याच भाडे कायद्यात एक कलम होते. ते मी त्या वेळी वाचले नव्हते. भाडेकरूने स्वतः नोटीस दिली आणि तिच्यामुळे मालकाने जागा विकण्याचा किंवा दुसऱ्यास देण्याचा करार केला, अथवा असे काही पाऊल उचलले की ताबा न मिळाल्यास त्याची गंभीर हानी होईल, तर न्यायालय मालकास ताबा देववू शकते. १९९९ च्या कायद्यानेही हे कलम कायम ठेवले. ‘तू खोटे बोललास काय?’ असे ते भाडेकरूस विचारीत नाही. ‘तुझ्या शब्दावर दुसऱ्याने काय उभारले?’ असे विचारते. इंग्लंडच्या पार्लमेंटने १७३७ च्या कायद्यात याहून रोखठोक उपाय सांगितला होता: आपणच नोटीस देऊन मुदतीस न निघणाऱ्याने दुप्पट भाडे द्यावे. पण दुप्पट भाड्याने अण्णांचा पावसाळा भरून निघाला असता काय? ४२ चे ८४ झाले असते, इतकेच.

आमच्या मनात लबाडी नव्हती. अडचण खरी होती. परंतु अडचण आमची आणि ओसरी अण्णांची, असा तो व्यवहार झाला. त्याहून वाईट हे, की आम्ही एकदाही त्यांच्यासमोर बसून ‘अमुक दिवसापर्यंत थांबा’ असे म्हटले नाही. लाजेपायी तोंड चुकवीत राहिलो. दिवाळीच्या आठवडाभर आधी किल्ली देताना वडिलांनी साऱ्या महिन्यांचे भाडे पाकिटातून पुढे केले. ते आता अण्णांनी घेतले, न मोजता; आणि पावती लिहून दिली. वडिलांनी ती शेवटपर्यंत जपली.

कडक पत्र मी फाडले आणि स्वतःच त्या जागेवर गेलो. तरुणाच्या नव्या घराचा ताबा लांबला होता. जिन्यात माझी पावले वाजली की आपण दिवा मालवीत होतो, हे त्याने मान खाली घालून कबूल केले. मी त्याला बहिणीच्या पेट्या, खोकी आणि दिवाण यांची हकिगत सांगितली. ‘हे मला ठाऊकच नव्हते, सर,’ तो म्हणाला. खरेच होते, मीही ते त्याला कधी सांगितले नव्हते. नवी तारीख त्याने आपल्या हाताने लिहिली, आणि मोबाइल काढून म्हणाला, ‘या महिन्याचे भाडे आत्ताच पाठवतो.’

‘पैसे राहू द्या,’ माझ्या तोंडून निघाले, ‘किल्ली द्याल तेव्हा घेईन.’

त्याचा चेहरा उतरला. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. मी उठलो होतो, तो पुन्हा खाली बसलो, आणि अण्णांनी मला जे सांगितले नव्हते ते त्याला सांगू लागलो.