हेरोदाची भूमिका

नाटकाविषयी धर्माच्या मनात संशय असावा आणि तरीही नाटकावाचून त्याचे चालू नये, हा विरोध ख्रिस्ती परंपरेत फार जुना आहे. इ. स. 200च्या सुमारास कार्थेजच्या तर्तुलियनाने रंगमंदिरांवर कोरडे ओढले. आणि दहाव्या शतकात, ईस्टरच्या उपासनेत, रित्या थडग्याशी आलेल्या स्त्रिया व देवदूत यांच्या चार ओळींच्या संवादातून चर्चमध्येच नाटकाने पुन्हा अंकुर धरला. उत्सवाच्या समाप्तीस देवादिकांची सोंगे आणणारे आपले लळित याच कुळातले.

जेझुइटांनी 1599 साली आपल्या शाळांसाठी जी शिक्षणसंहिता मुक्रर केली, तिच्यात नाटकास मुभा आहे, पण अटींसह: भाषा लॅटिन, विषय पवित्र, प्रयोग क्वचित, आणि स्त्रीपात्र वा स्त्रीवेष मुळीच नाही. (बालगंधर्वांच्या मुलखात हे शेवटचे कलम एक दिवसही टिकले नसते.) कलमे पुढे सैल पडली, आणि त्या शाळांच्या हजेरीपटावर काल्देरॉन, कॉर्नेय, मोलिएर येऊन गेले. पुण्याच्या सेंट व्हिन्सेंट या जेझुइट शाळेत शिकलेले, अरब व्यापाऱ्याचे चिरंजीव इब्राहिम अल्काझी 1962 ते 1977 राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. अर्थात त्याचे सारे श्रेय शाळेच्या खाती जमा करण्याइतका मी भाबडा नाही.

मला शालेय नाटकाचे मोल पटले ते आमच्या अहमदपूर भागातील एका मिशन शाळेच्या नाताळच्या तालमीत. हेरोद झालेला मुलगा लिंगायत शेतकऱ्याचा. बेथलेहेमातल्या दोन वर्षांच्या आतील बालकांच्या कत्तलीचा हुकूम तो छाती फुगवून, आरोळी ठोकून देत होता. सिस्टर म्हणाल्या, "ओरडू नकोस रे, राजाला ओरडावं लागत नाही." मुलगा क्षणभर थांबला, मग मान वर न करता, हातात नसलेल्या टाकाने सही करीत, तहसील कचेरीतला अव्वल कारकून एखाद्याचा अर्ज निकालात काढतो तशा थंड सुरात त्याने तो हुकूम सोडला. कडेला टवाळी करणारे मेंढपाळ एकदम गप्प झाले.

प्रवचनातला हेरोद नेहमी दुसराच कोणी असतो. रंगमंचावर मात्र तो आपल्याच गळ्यातून, आपणच पाहिलेल्या माणसांतून शोधून काढावा लागतो, आणि हे कष्ट मूल्यशिक्षणाच्या तासिकेत कोणी मुलांकडून करवून घेत नाही. हल्ली स्नेहसंमेलनात ध्वनिमुद्रित संवादांवर पोरे नुसते ओठ हलवितात, त्याला मी नाटक म्हणत नाही. शिवाय सणाच्या दिवशी रक्तपात नको म्हणून हेरोदाचा प्रवेशच गाळण्याची सूचना हमखास येते. तो गाळला, तर योसेफ आणि मरिया तान्ह्या बाळाला घेऊन रातोरात मिसर देशी का पळाले, हे पुढच्या रांगेतल्या पोरांना कोणी सांगायचे?