१,६९६ जणांचा हिशेब

१९६२च्या चीनयुद्धात आपले किती जवान गेले, असे युद्धनोंदींच्या अभ्यासकाला लोक हमखास विचारतात. मी राहतो ते दिल्लीचे लक्ष्मीबाई नगर म्हणजे सरकारी नोकरांची वस्ती. इथल्या शेजाऱ्यांना तर एकच ठाम आकडा हवा असतो. मी चार देतो. संरक्षण मंत्रालयाच्या हिशेबात मृत १,३८३, बेपत्ता १,६९६, युद्धकैदी ३,९६८ आणि जखमी १,०४७.

यातला शेवटचा आकडा आधी वाचावा. लढाईत साधारणपणे एका मृतामागे दोन-तीन जखमी असतात. कारगिलमध्ये १९९९ साली ५२७ जवान शहीद झाले, १,३६३ जखमी झाले. १९६२मध्ये मात्र जखमी मृतांपेक्षाही कमी! जखमींना उचलून मागे आणता आले नाही, हा त्याचा अर्थ. पाय मोडून जो पडला तो तिथेच राहिला आणि पुढे मृतांत, कैद्यांत किंवा बेपत्तांत मोजला गेला.

उलट बाजूने पाहा. चीनच्या लष्करी इतिहासात त्यांचे ७२२ मृत आणि १,६९७ जखमी नोंदले आहेत. मैदान ज्याच्या ताब्यात राहते त्याचे प्रमाण असेच दिसते.

सैन्यबळाचा कागदावरचा आकडाही असाच फसवा. ब्रिगेडियर जॉन दळवी यांची सातवी ब्रिगेड नामका चू नदीकाठी उभी होती. नकाशावर ती ब्रिगेडच. प्रत्यक्षात अनेक जवानांच्या अंगावर उन्हाळी गणवेश, प्रत्येकाजवळ पन्नासेक काडतुसे, आणि गाडीरस्ता काही दिवसांच्या पायपिटीवर. २० ऑक्टोबरच्या पहाटे हल्ला झाला. दुसऱ्या राजपूत बटालियनच्या ५१३ जणांपैकी २८२ मारले गेले. दळवी स्वतः कैद झाले. सुटकेनंतर त्यांनी लिहिलेले ‘हिमालयन ब्लंडर’ १९६९ साली आले. सैन्यबळ मोजताना माणसांइतकीच काडतुसे, घोंगड्या आणि रस्ते मोजावे लागतात, हे त्या पुस्तकाइतके परखडपणे आपल्याकडे क्वचितच कुणी मांडले.

कैद्यांचा आकडा मात्र दोन्ही देशांच्या नोंदींत जुळतो: ३,९६८. कारण साधे आहे. रेड क्रॉसमार्फत कैदी परतले, आणि परतणारा माणूस नावानिशी मोजला जातो. मृतांच्या बाबतीत ती सोय नव्हती. १८ नोव्हेंबरला लडाखमध्ये चुशूलजवळच्या रेझांग ला इथे १३ कुमाऊँच्या चार्ली कंपनीचे सुमारे १२० जण मेजर शैतान सिंह यांच्यासोबत लढले. मधे डोंगर आल्यामुळे आपल्या तोफांची मदत त्यांना पोचू शकत नव्हती. ११०हून अधिक गेले. हातात शस्त्रे घेऊन गोठलेली त्यांची शरीरे फेब्रुवारी १९६३मध्ये सापडली. बर्फाने ती सांभाळून ठेवली होती. नेफाच्या (आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या) जंगलात, सेला-बोमडिलाच्या माघारीत वाट चुकलेल्यांचे असे काही झाले नाही.

बेपत्ता माणसाच्या घरी काय होते, याचा विचार व्हायला हवा. शव नाही, साक्षीदार नाही. सामान्य कायद्यात मृत्यू गृहीत धरायला सात वर्षे. लष्कर चौकशीनंतर आधीही निर्णय देते, पण तोवर बायकोने कुंकू लावायचे की पुसायचे, हे तिला कोणता कागद सांगणार?

यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून दिल्लीत संरक्षणमंत्री झाले ते २१ नोव्हेंबर १९६२ रोजी, युद्धबंदी होत असतानाच. पुढे त्यांच्या काळात सव्वाआठ लाखांच्या सैन्याची योजना झाली, पर्वतीय डिव्हिजन उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात हा इतिहास अभिमानाने सांगितला जातो आणि तो सांगायलाच हवा. त्याच्या शेजारी १,६९६ हा आकडा मात्र मला सहसा ऐकू येत नाही.

लडाखमधल्या गलवानला जून २०२०मध्ये चीनशी झालेल्या चकमकीत आपले वीस जण गेले, ते काही दिवसांत नावानिशी देशाला कळले. चीनने आपले चार मृत सांगायला फेब्रुवारी २०२१ उजाडले. नावे जाहीर करण्यात आपण पुढे गेलो आहोत, हे मी समाधानाने नोंदवतो. म्हणूनच जुन्या नोंदींबद्दल आग्रह धरतो. १९६२च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने अजून खुला केलेला नाही. युद्धनोंदी पंचवीस वर्षांनी तपासून खुल्या करण्याचे धोरण संरक्षण मंत्रालयाने जून २०२१मध्ये जाहीर केले. त्या धोरणाखाली १९६२च्या बेपत्तांची यादी पहिली निघावी: नाव, बटालियन, गाव, शेवटचे दिसले ते ठिकाण आणि तारीख.