सोपा यो-यो

पुडके माझ्या नावाने आले होते. पन्नाशी उलटलेल्या, हिशेबाच्या वह्यांत आयुष्य घालविलेल्या माणसाने यो-यो मागवावा, याचे आईला हसू आले. “नातीसाठी मागवलास होय रे?” तिने विचारले. मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. या पुडक्याची हकीकत दोन वर्षे जुनी होती.

त्या वेळी धाकटी लेक नववीत होती आणि तिला यो-योचा नाद लागला होता. नाद हा शब्द तेव्हा मी वापरीत असे. आज रियाज म्हणावेसे वाटते. शाळेतून आली की गच्चीवर तासभर तिची दोरी सपसप वाजत राही. या खेळात फिंगरस्पिन नावाची एक करामत आहे. दोरीच्या टोकाला फिरणारा यो-यो आडवा करायचा, म्हणजे त्याचा आस उभा राहील असा झोका द्यायचा, हलकेच वर उचलायचा आणि खालून बोट लावून टोकावर तोलायचा. पाहताना क्षणभर श्वास थांबतो. तिच्या साध्या यो-योच्या बाजूवर मधोमध एक उंचवटा होता. बोट त्याला टेकते न टेकते तोच यो-यो घसरून खाली पडे. चार-पाच आठवड्यांनंतर तिने सांगितले, “पप्पा, याच करामतीसाठी केलेले यो-यो मिळतात. त्यांच्या बाजूला वाटीसारखा खळगा असतो. बोट आपोआप मध्ये बसतं.”

मी नकार दिला. पैशांचा प्रश्न नव्हता. “आहे त्यावर जमव. सोपं करून घेतलेलं शिकणं हे शिकणं नव्हे,” असे मी म्हणालो आणि वर आपल्या हातजाळीची कथा ऐकविली. लहानपणी मी भोवरा जमिनीला लागू न देता थेट तळहातावर घेत असे. आमच्या आळीत ते दोघातिघांनाच जमे. आम्हांला कुणी सोपा भोवरा दिला नव्हता, हे वाक्य मी त्या काळात पुष्कळदा म्हटले असेन.

चौथ्या महिन्यात गच्चीवरचा आवाज बंद झाला. “चिकाटी नाही,” असे मी पाहुण्यांसमोर एकदा बोललो. त्याच वर्षी दशलक्षणात तिने दहाही दिवस एकाशन केले, तेव्हाही मी तिला थोरलीच्या उपवासांची आठवण करून दिली होती. ती काही बोलली नाही. पुढे अकरावीला ती वसतिगृहात गेली. गेल्या दिवाळीत घरी आली, तेव्हा टेबलाचा खण उघडताना तिला तो यो-यो दिसला. तिने त्याला हातही न लावता खण पुन्हा बंद केला. मी दारात उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिले असते, तर कदाचित मी हे पुडके मागविले नसते.

आता यो-योविषयी. धातूचा, पासष्ट-सहासष्ट ग्रॅम वजनाचा, मुठीत भरून राहील एवढा. वजन मुद्दाम कडेला अधिक ठेवलेले, त्यामुळे एकदा फिरू लागला की पुष्कळ वेळ फिरतो. दोन्ही बाजूंना गुळगुळीत, मध्याकडे उतरत जाणारा खळगा. प्रथम वाटले, खळगा म्हणजे बोट अडकविण्याची सोय, एवढेच. पट्टी लावून पाहिल्यावर त्यातील दुसरी चतुराई लक्षात आली. खळग्यामुळे बोटाचा टेकू यो-योच्या आत, त्याच्या वस्तुमानकेंद्राच्या जवळ जातो. टेकू जितका जवळ, तितकी कलंडविणारी ओढ कमी. उंचवट्यावर यो-यो तोलणे म्हणजे काठीच्या टोकावर ताट धरणे. खळग्यात तोलणे म्हणजे बोटावर टोपी ठेवणे. माझ्या लेकीला मी चार महिने काठीवरचे ताट धरायला लावले होते.

टोपी तरी मला कुठे जमत होती! पहिल्या दिवशी यो-यो आडवा होण्याआधीच दोरी मनगटाभोवती गुंडाळली गेली. दुसऱ्या दिवशी आडवा झाला, पण एका अंगाला कलून. खळग्याने बोट मध्ये घेतले खरे, मात्र कललेला यो-यो दोन-तीन गिरक्या डुलला आणि निघून गेला. तिसऱ्या दिवशी कुठे उमगले की खळगा हाताची चूक सांभाळून घेतो, फेकीची सांभाळीत नाही. बोट पाव इंच इकडेतिकडे गेले तर तो क्षमा करतो. आस तिरपा असेल तर त्याच्या हाती काही नाही. शिवाय मी घाबरून बोट वर दाबीत असे. बोटाचे मांस मऊ, दाबले की पसरते, जास्त भागाला घासते आणि गती खाऊन टाकते. साधन सोपे होते. मी अवघड होतो.

आडव्या फेकींनी दोरीचा पीळही बिघडतो. दर थोड्या वेळाने यो-यो मोकळा लोंबकळत सोडून पीळ उलगडू द्यावा लागतो. अशा वेळी गच्चीवर नुसते उभे राहून फिरणाऱ्या दोरीकडे पाहत असताना बरेच काही आठवे.

या खेळण्याचा मागोवा घेतला, तर सोपे करण्याचाच इतिहास हाती लागतो. आपल्याकडे चकरी जुनीच. अठराव्या शतकातील राजस्थानी लघुचित्रात चकरी खेळणारी स्त्री दिसते. पेद्रो फ्लोरेस या मूळ फिलिपिन्सच्या माणसाने 1928 साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील सांता बार्बारा येथे यो-योचा कारखाना काढला. त्याच्या यो-योत दोरी आसाला गाठ मारून बांधलेली नसे, आसाभोवती नुसता फास असे. त्यामुळे यो-यो खाली जाऊन तिथेच फिरत राहू शकला. गाठीच्या चकरीवर हात बसलेल्या कुणा जुन्या खेळाडूला हीसुद्धा लबाडी वाटली असेल. पुढे आसावर बॉल बेअरिंग आले आणि यो-यो मिनिट-मिनिट फिरू लागला. पण बेअरिंगचा रुंद फटीचा यो-यो नुसत्या हिसक्याने हातात परतत नाही. दोरीची घडी त्याच्या फटीत सरकवून त्याला बोलवावे लागते. एक गोष्ट सोपी झाली आणि तिच्या जागी दुसरी शिकावी लागली. खळग्याचेही तसेच असावे. बोटावर यो-यो टिकणे सोपे झाल्यावरच तो या बोटावरून त्या बोटावर नेण्याचा, हात पाठीमागून फिरवून आणण्याचा विचार माणसाला सुचणार. जो टिकतच नाही, तो न्यायचा कुठे?

एका संध्याकाळी अशीच दोरी उलगडत असताना भोवरा आठवला. माझा तो भोवरा, लाल-पिवळ्या लाखेचा. बाजारातून आणला तेव्हा त्याची लोखंडी आर तीक्ष्ण होती. तळहातावर घेतला की टोचे, रक्तही आले होते एकदा. मग काकांनी मागल्या दारी, धुण्याच्या दगडावर पाणी शिंपडीत, ती आर घासून घासून गोल केली. अर्धी दुपार गेली असेल त्यांची. “घे, आता टोचायचा नाही,” म्हणाले. त्यानंतर चार दिवसांत मला हातजाळी जमली.

इतकी वर्षे मी ही कथा सांगत आलो आणि तिच्यातून काकांना वगळीत आलो.

खाली आलो तेव्हा आई जप संपवून बसली होती. मी तिला आर घासल्याची आठवण विचारली. तिला ती नव्हती. तिने विषय भलतीकडेच नेला. “तू पहिल्या दशलक्षणात काय केलं होतंस, ठाऊक आहे का? रात्री जेवायचं नाही, एवढंच. आणि तेही दुसऱ्या रात्री रडलास. तुझ्या बाबांनी तुला कुशीत घेऊन निजवलं, बोलले नाहीत काही.” मग जपमाळ डबीत ठेवीत म्हणाली, “श्रावकाला अकरा प्रतिमा सांगितल्यात त्या कशासाठी? सगळ्यांना एकदम वरच उभं करायचं असतं, तर पायऱ्या कशाला बांधल्या असत्या?” आई चौथीपर्यंत शिकलेली. अणुव्रतांवर मंदिराच्या सभागृहात मी दोनदा बोललो आहे.

त्यानंतर आठवडाभर रोज सकाळी थोडा वेळ गच्चीवर जात राहिलो. एकदा जुना, उंचवट्याचा यो-योही खणातून काढून फेकून पाहिला. वीसातून एकदाही बोटावर राहिला नाही. तो यो-यो मी पुसून, नवी दोरी बांधून परत ठेवला. नव्याने मात्र रविवारी ऐकले. फेक सरळ बसली, यो-यो सपाट तरंगत वर आला, बोट खळग्यात शिरले आणि तो उभ्या आसावर गुंगू लागला. बोटाच्या टोकाशी बारीक थरथर जाणवत होती, हातजाळीत तळहाताला जाणवे तशीच. फरक इतकाच की भोवऱ्याला स्वतःची आर असते. इथे आर म्हणून आपलेच बोट उभे राहते. मी सात अंक मोजले. आठव्याला तो डुलला आणि पडला.

रात्री लेकीला फोन केला. अभ्यास, मेसचे जेवण, सूर्यास्तापूर्वी डबा मिळतो की नाही, हे झाले. मग सांगितले की खळग्याचा यो-यो मागविला आहे, मीच खेळून पाहिला, आणि सातपर्यंत गेलो.

पलीकडे बराच वेळ शांतता होती.

“तेव्हा तुला आणून द्यायला हवा होता,” मी म्हणालो. “माझं चुकलं.” हे वाक्य क्षमावाणीच्या दिवशी मी दरवर्षी शेकडो लोकांना म्हणतो. इतके जड कधी लागले नव्हते.

“बोटाचं मांस लावताय का नख?” तिने विचारले.

“मांस.”

“नख लावा, पप्पा. म्हणजे घासत नाही. आणि बोट सरळ उभं ठेवा, वाकवू नका.” थोडे थांबून ती म्हणाली, “पुढच्या शनिवारी येतेय मी. तोवर त्याच्यावर ओरखडे पाडू नका.”

ओरखडे केव्हाच पडले होते. गच्चीची फरशी खरबरीत आहे. दुसऱ्या दिवशी तिथे जुनी सतरंजी अंथरली.